शहर बंद करण्यात येत आहे

स्पॅकमनने फोनवर अकरा वेळा "हो, अध्यक्ष" म्हटलं. यार्डली एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात ब्रश घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि काही कारण नसताना मोजत होता. सकाळचे पावणेनऊ. या वेळी दोघांनी समोरासमोर बसून धर्मग्रंथ वाचायचा असतो, आणि फोन वाजलाच तर दोघा धर्मप्रचारकांतल्या वरिष्ठाने घ्यायचा असतो. वरिष्ठ यार्डली होता. पण त्याचे हात पॉलिशने माखले होते म्हणून फोन स्पॅकमनने घेतला, आणि घेतल्यावर एकदाही मागे वळून "तुझ्यासाठी आहे" असं तो म्हणाला नाही. शेवटी त्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी खाली ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

"शहर बंद," तो म्हणाला.

"काय बंद?"

"हे. हे शहर. आपल्याला इथून काढतायत. मंगळवारी सकाळची गाडी. मला वार्नाला पाठवतायत आणि तुला सोफियाला, कचेरीत." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "आपल्यानंतर कुणी येणार नाही. लोकांना रविवारी सभेत सांगायचं. त्याआधी कुणालाच नाही, म्हणाले."

"मला का नाही बोलावलं फोनवर?"

स्पॅकमन एकोणीस वर्षांचा होता, तीन महिन्यांपूर्वी अमेरिकेतून आलेला, आणि खोटं बोलायची त्याला अजून सवय नव्हती. "मी बोलावत होतो. ते म्हणाले, राहू दे, तूच सांग. यार्डलीला हे पचायला जरा वेळ लागेल, म्हणाले."

राग यार्डलीला आधी पोटऱ्यांत जाणवला. तिथून तो वर चढला, आणि चढताना वाटेतल्या सगळ्या ओळखीच्या वस्तूंना धक्का देत गेला. भिंतीवरचा शहराचा नकाशा, त्यावर पेन्सिलीने रंगवलेल्या गल्ल्या; ज्या इमारतीचं प्रत्येक दार वाजवून झालं तिच्यावर फुली. सात महिन्यांच्या फुल्या. एका दारातून कुत्रं सोडलं होतं, एका बाल्कनीतून फरशी पुसलेलं पाणी, एका म्हाताऱ्याने रोज टोपी काढून अदबीने शिवी घातली होती, आणि जिन्यात कुणीतरी त्याच्या खांद्यावर थुंकलं होतं तेव्हा तो रुमालाने कोट पुसून वरच्या मजल्यावर गेला होता आणि तिथलं दार वाजवलं होतं. हे सगळं सोसायचं असतं हे त्याला घरून निघण्याआधीच सांगितलेलं होतं. मॉर्मन घरातल्या पोराला ते दूध सुटल्यापासून सांगितलेलं असतं. सोसताना ते कशासाठी याचा हिशेब विचारायचा नसतो, कारण हिशेब वर कुठेतरी ठेवला जातोय असं धरलेलं असतं. आणि आता वरून फोन आला होता, आणि तोही त्याला नव्हे. "कारण काय दिलं?" त्याने विचारलं. स्पॅकमन म्हणाला, "बळ एकवटतोय आपण. जिथे पीक जास्त तिथे माणसं जास्त." पीक! यार्डलीच्या बापाची आयडाहोत बटाट्याची शेती होती आणि पिकाबद्दल त्याला सोफियातल्या कचेरीतून काही शिकायचं नव्हतं. हेच अध्यक्ष ऑसलर, इथल्या सगळ्या धर्मप्रचारकांचे प्रमुख, जानेवारीत इथे आले होते, गाडी चालू ठेवून वर आले होते, इथल्या मंडळीतल्या अकराही माणसांचे हात दोन्ही हातांत घेऊन त्यांनी दाबले होते आणि त्यांतल्या शिवणकाम करणाऱ्या नेद्याल्काला म्हणाले होते, भगिनी, तुम्ही या शहराचा पाया आहात. तिने त्यांच्या ओव्हरकोटचं उसवलेलं अस्तर तिथल्या तिथे शिवून दिलं होतं. दाताने दोरा तोडताना ती हसत होती.

त्याने एक बूट घातला, मग दुसरा, पॉलिश न केलेला.

"कुठे?" स्पॅकमन म्हणाला.

"नेद्याल्काकडे."

"पण रविवारी..."

"तू रविवारी सांग."

"यार्डली, एकट्याने जायचं नसतं."

"मग ये."

जिना उतरताना मागून स्पॅकमनची पावलं ऐकू येत होती, एक बूट बांधलेला आणि एक मोकळा, टाप-फट, टाप-फट. त्या आवाजाचाही त्याला राग आला. दोन वर्षांच्या धर्मसेवेतल्या या वीस महिन्यांत तो कधीच एकटा नव्हता. झोपताना, खाताना, पत्र लिहिताना दुसरं कुणीतरी हाताच्या अंतरावर, कारण दोघं असले की एक घसरला तर दुसरा सावरतो. त्याच्या वेड नावाच्या थोरल्या भावाला पेरू देशात असा जोडीदार होता, तरी वेड सेवा अर्धी सोडून पाच महिन्यांत परत आला. यार्डली तेव्हा तेरा वर्षांचा होता. विमानतळावर बाप एकटाच गेला. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आईने वेडला पाहुण्यासारखं आधी वाढलं, आणि बाप म्हणाला, "बटाटे इकडे दे," आणि त्यानंतर त्या घरात पेरूचं नाव निघालं नाही. चर्चमधली माणसं वेडला दंडावर हात ठेवून विचारायची, तब्येत कशी आहे आता? त्याची तब्येत बैलासारखी होती. चर्चच्या दारातल्या भिंतीवर परदेशी गेलेल्या पोरांच्या फोटोंच्या पाट्या होत्या. वेडची पाटी उतरवायची होती तेव्हा कुणीतरी यार्डलीच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. चार स्क्रू. मोठ्या माणसांसारखं काम मिळालं म्हणून तो खूश होता. शेवटचा स्क्रू अडला तेव्हा त्याने जोर लावला आणि लाकडाचा टवका निघाला. वेड त्या वेळी बाहेर गाडीत बसला होता आणि काचेतून बघत होता. पुढच्या वसंतात तो नेवाड्यात गेला, छपरं शाकारायला, आणि यार्डलीने त्याला एकही पत्र लिहिलं नाही. एक माणूस मोडला तर ती शरमेची गोष्ट, आणि अख्खं चर्च पळून निघालं तर ते बळ एकवटणं! तो रस्त्याच्या मधोमध इतका जोराने "हं!" म्हणाला की पावाच्या रांगेतल्या दोन बायका वळल्या आणि त्यातली एक म्हणाली, "अमेरिकन पोरं बिचारी, ऊन लागलं वाटतं," आणि दुसरी म्हणाली, "ऊन कुठलं, एप्रिल आहे. प्यायली असतील."

नेद्याल्काचं दुकान तळघरात होतं, आणि त्याची खिडकी फुटपाथच्या पातळीला. गिऱ्हाईकाला उकिडवं बसूनच बोलावं लागायचं. पहिल्यांदा तो ऑक्टोबरात आला होता, कुत्र्याने फाडलेली पँट घेऊन. खाली दिव्याच्या उजेडात एक चाळिशीची बाई, तोंडात टाचण्या, केस रुमालात बांधलेले. तिने टाचण्या काढून त्याच्या छातीवरची नावाची काळी पट्टी वाचली. "ज्येष्ठ यार्डली? तू ज्येष्ठ? मग माझा सासरा कोण, आदिपुरुष?" ती इतकी हसली की मशीन थांबवावं लागलं. मग म्हणाली, "बस की नीट. नाही, खुर्ची नाहीये. बसायचं तसंच बस." हिवाळाभर तो आणि आधीचा जोडीदार त्या खिडकीशी उकिडवे बसले. पाय बधिर व्हायचे. ती शिवता शिवता प्रश्न विचारायची, आणि ते प्रश्न पुस्तकात दिलेल्या उत्तरांच्या मापाचे नसायचे. कॉफी सोडायला सांगणाऱ्या देवाला दुसरं काम नव्हतं का? तुमच्या संदेष्ट्याला सोन्याच्या पत्र्यांवरचं पुस्तक मिळालं, मग देवदूताने पत्रे परत का नेले? मेलेल्या माणसांचा बाप्तिस्मा करता, मग माझ्या आईला विचारणार कसं, ती तर जिवंतपणीही कुणाचं ऐकत नव्हती. तिने कॉफी सोडली. तिचा नवरा स्तामेन बंदरात क्रेन चालवायचा. त्याने वर्तमानपत्रात पंथांबद्दल काहीतरी वाचलं, कामावर कुणीतरी टोमणे मारले, सासूने छाती बडवली, आणि डिसेंबरात तो म्हणाला, ते किंवा मी. ती म्हणाली, मला कुणी निवड करायला सांगितलेलं आवडत नाही. तो मुलीला घेऊन आईकडे राहायला गेला. सोळा वर्षांची एलित्सा आता बुधवारी दुपारी तासभर येते आणि कोट न काढता बसते.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी नेद्याल्काने त्याला विचारलं होतं. तोंडात टाचण्या नव्हत्या, मशीन बंद होतं. "तू जाशील तेव्हा?" आणि तो म्हणाला होता, "मी जाईन. पण दुसरे येतील. आमच्यात जागा रिकामी राहत नाही." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, हे त्याचं स्वतःचं वाक्य होतं, व्याकरणाची एकही चूक नसलेलं, आणि ते सुचलं म्हणून तो दिवसभर स्वतःवर खूश होता. क्रीडासंकुलाच्या पोहण्याच्या तलावात, क्लोरीनच्या वासात, त्याने तिला पाण्याखाली घेतलं आणि वर काढलं. ती वर येताना खोकली आणि म्हणाली, "थंड आहे रे!" आणि सगळे हसले.

आता तो खिडकीशी बसला. स्पॅकमन त्याच्यामागे उभाच राहिला.

"पँट?" खालून नेद्याल्का म्हणाली.

"नाही." त्याने एका दमात सांगून टाकलं. मंगळवार, दोघंही, पुढे कुणी नाही. सांगताना त्याला वाटलं की तिने ओरडावं. ओरडली तर आपल्याला तिच्या बाजूने ओरडता येईल. पण मशीन चालूच राहिलं. एका पडद्याची लांबच लांब कड होती, ती संपेपर्यंत तिने सुई थांबवली नाही. मग तिने दोरा कापला.

"कधी कळलं?"

"आत्ता. तासाभरापूर्वी. आम्हाला रविवारपर्यंत सांगायची मनाई आहे, पण मी..."

"पण तू धावत आलास."

"हो."

"का?"

"तुम्हाला आधी कळायला हवं म्हणून."

"मला आधी कळून काय होणार आहे? रविवारी कळलं असतं तर तीन दिवस बरी झोपले असते." तिने पडदा झटकला. "तुझ्या पोटात दुखायला लागलं म्हणून आलास. माझ्याकडे येऊन ओकलास की तुला बरं वाटणार. मी म्हणायचं, जाऊ दे पोरा, तुझा काय दोष. म्हणायचं ना असं?"

"नाही," तो म्हणाला, पण तेच ऐकायला तो आला होता.

"भगिनी नेद्याल्का," मागून स्पॅकमन त्याच्या मोडक्या भाषेत म्हणाला, "देव तुम्ही विसरत नाही."

"विसरत नाही, नाही का?" ती वर न बघता म्हणाली. "बरं आहे. तो तरी इथल्या यादीवर राहिला." मग तिने यार्डलीकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि खूप लाल, शिवणाऱ्या माणसाचे असतात तसे. "एक काम कर. मला आधी सांगायला आलास ना, मग आणखी कुणालातरी आधी सांग. स्तामेनला. मी त्याला म्हटलं होतं, ही माणसं सोडून जाणारी नाहीत. जाऊन सांग, तुझं खरं होतं, तिचं खोटं. मी नाही सांगणार. माझ्या तोंडून तो ऐकणार नाही. बाराला त्याची सुट्टी होते, फाटकासमोरच्या खानावळीत बसतो."

"मी..."

"उठ. उजेड अडवतोयस."

बंदरापर्यंत अर्ध्या तासाची वाट होती आणि त्या वाटेवर स्पॅकमन तीनदा म्हणाला की हे आपलं काम नाही. तिसऱ्यांदा यार्डली थांबला आणि म्हणाला, "आपलं काम काय आहे, स्पॅकमन? सांग मला. वीस महिने करतोय, मला माहीत नाही." स्पॅकमनचा चेहरा लहान झाला. तो म्हणाला, "मला वाटलं होतं तुला माहीत आहे. मी तुझं बघून शिकत होतो." यावर राग करता आला नाही म्हणून यार्डलीला आणखी राग आला. डॅन्यूबचं पाणी वितळलेल्या बर्फाने तपकिरी झालं होतं आणि पलीकडचा रोमानिया धुरात नुसता एक पट्टा होता. नवऱ्याला सांगायचं काय, हे तो मनात जुळवत होता. प्रत्येक वाक्य बरोबर होतं आणि प्रत्येक वाक्य त्याला खोडून टाकावंसं वाटत होतं. स्तामेन हसणार. टाळी वाजवणार. त्याने थोबाडीत मारली तर बरं होईल. गाल पुढे करण्याची तालीम तर कधीची झालेली होती, आणि मार खाल्ल्यावर माणसाची बाजू आपोआप खरी होते. खांद्यावर थुंकी पडली होती त्या दिवशी जिना चढताना तो मनातून सुखी होता, हे त्याला आत्ता, या नदीकाठी, पहिल्यांदा कळलं, आणि त्याची त्याला शिसारी आली.

स्तामेन खिडकीजवळच्या टेबलावर होता, डोक्यावर लोकरीची टोपी, समोर घेवड्याचं सूप. दोघांना बघून शेजारच्या टेबलावरचा एकजण म्हणाला, "स्तामेन, तुझे सोयरे आले बघ," आणि खानावळ हसली. स्तामेन हसला नाही. चमचा हातातच ठेवून तो म्हणाला, "बोल."

यार्डली उभ्यानेच बोलला. शेवटी म्हणाला, "तुम्ही बरोबर होता. त्यांचं चुकलं. हे तुम्हाला सांगायला त्यांनीच मला पाठवलं."

"तिने?"

"हो."

स्तामेनने पाव तुटेपर्यंत दाबला. "म्हणजे मी जिंकलो." तो मागे वळून मोठ्याने म्हणाला, "ऐकलंत का रे? मी जिंकलो!" एक-दोघं हसायला लागले आणि त्याचा चेहरा बघून गप्प झाले. मग तो हळू बोलला, आणि ते हळू बोलणं यार्डलीच्या कानशिलात बसलं. "माझं तुमच्या देवाशी काही भांडण नव्हतं. आजीच्या घरीही एक मूर्ती होती, ती तिच्या पाया पडायची, आम्हाला काय त्याचं. पण नेद्याल्का माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, 'स्तामेन, ती पोरं येतो म्हणतात आणि येतात.' अठरा वर्षांचा संसार झाला. तिने माझ्याबद्दल हे कधी म्हटलं नव्हतं. आणि खरंच होतं ते, मी कधी येत नव्हतो. त्या एका वाक्यासाठी मी घर सोडलं." त्याने चमचा खाली ठेवला. "आणि आता ते वाक्यपण तुम्ही घेऊन चाललात."

"मी नाही चाललो!" यार्डली ओरडला. सगळी खानावळ वळली. व्याकरण सुटलं, क्रियापदं कुठेही पडत होती. "मी नाही! मला नेतात! वरून! मी काय करू?"

"दोरी बांधलीय तुला?"

यार्डलीने स्वतःच्या मनगटांकडे पाहिलं.

"मग नेतात काय म्हणतोस. जातोस म्हण." स्तामेनने थाळी पुढे ओढली. "जा आता. सूप गार झालं माझं."

स्तामेनने मारलं नाही ही गोष्ट यार्डलीला पुढे दोन दिवस पुरली. दोरी नव्हती. राहायचं ठरवलं तर राहता आलं असतं. छातीवरची पट्टी काढायची, अध्यक्षांना सांगायचं, आणि एक तर विमानात बसून घरी जायचं किंवा व्हिसा संपेपर्यंत या शहरात नुसता एक माणूस म्हणून राहायचं. दोन्हीचा अर्थ एकच होता, आणि त्या अर्थाला त्याच्या घरी भावाचंच नाव होतं, वेड. शनिवारी दुपारी त्याने सोफियाला फोन लावला. स्पॅकमन खोलीत असताना, मुद्दाम. निर्णय फिरवा म्हणाला. अकरा माणसं आहेत, गेन्चोकाका चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, एका बाईचं घर मोडलं आहे, निदान एक जोडी सप्टेंबरपर्यंत ठेवा. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या आवाजात कुठेच धार नव्हती. मग ते म्हणाले, "ज्येष्ठ यार्डली, तुझ्या भावाबद्दल मला माहीत आहे. तुझ्या कागदांत आहे. तुझ्या मनावर त्याचं ओझं असणार. घाईने असं काही करू नकोस की तुझ्या आईवडिलांना पुन्हा त्यातून जावं लागेल." यार्डलीने फोन ठेवला. मग तो न्हाणीघरात गेला, नळ सोडला आणि टॉवेल दातांत धरून ओरडला, पुन्हा पुन्हा, घसा खरवडेपर्यंत. बाहेर स्पॅकमन दाराशी उभा होता. दार उघडल्यावर तो म्हणाला, "मी ऐकलं नाही काही," आणि मग, "त्यांनी भावाचं काढायला नको होतं."

मंगळवारी तो गाडीत बसला, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. कुणी त्याला बांधून नेलं नाही. नेवाड्यातल्या भावाला लिहायला घेतलेलं पत्र चार ओळींवर थांबलेलं खिशात होतं, आणि पुढचे चार महिने कचेरीतल्या टेबलाशी बसून त्याने इतर शहरांच्या फुल्या मोजल्या. तो शूर नव्हता. पण मंगळवारच्या आधी रविवार होता.

सभा एका बंद पडलेल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायची. अकरा खुर्च्या, एक टेबल, त्यावर पांढरं कापड, पावाची थाळी आणि कागदी पेल्यांत पाणी. या छोट्या मंडळीचा प्रमुख कागदोपत्री यार्डलीच होता, स्पॅकमन सोडला तर वयाने सगळ्यांत लहान असून. नेद्याल्का येणार नाही असं त्याने धरलं होतं. ती आली, दुसऱ्या रांगेत बसली आणि हातातली पिशवी मांडीवर धरून समोर बघत राहिली. सूचनांच्या वेळी त्याने सांगितलं. अध्यक्षांनी फॅक्सने पाठवलेला कागद वाचायचा होता, त्यात पहिलंच वाक्य होतं, "हे शहर तूर्तास बंद करण्यात येत आहे." तो तिथपर्यंत वाचून थांबला, कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "आम्ही जातोय. दुसरे येणार नाहीत. मी हिवाळ्यात जे सांगितलं होतं ते खोटं ठरलं." एक बाई रडायला लागली. कुणीतरी विचारलं, म्हणजे पुढच्या रविवारी कुलूप? गेन्चोकाका, जन्मभर जहाजांना रंग देऊन हात कापायला लागलेला म्हातारा, म्हणाला, "मग पाव कोण मोडणार?" त्याला याजकपद दिलेलं होतं, पण पाव मोडून म्हणायची प्रार्थना त्याने कधी म्हटली नव्हती, ती शब्दान्‌शब्द बिनचूक म्हणावी लागते, एक अक्षर चुकलं तर पहिल्यापासून, आणि चुकलं की नाही हे प्रमुखाने ठरवायचं. लाजेने म्हातारा नेहमी मागच्या खुर्चीत बसायचा. यार्डली टेबलाकडे वळला, सवयीने.

"तू बस," नेद्याल्का म्हणाली.

तो थांबला.

"पुढच्या रविवारी तू नसणार. काकांना आज येऊ दे. चुकायचंच तर आजच चुकू दे, तू असताना." ती उठली, गेन्चोकाकाच्या कोपराला धरून तिने त्याला उभं केलं. "चला काका. रंगाचा डबा धरता तसा कागद धरा."

"हात कापतात गं माझे."

"कापू देत. पाव मोडायचाच आहे, शिवायचा नाहीये."

यार्डली तिने सोडलेल्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर बसला. वीस महिन्यांत तो पहिल्यांदा त्या टेबलाकडे समोरून बघत होता. गेन्चोकाकाने पाव मोडला, तुकडे लहान-मोठे झाले, काही कापडावर पडले. मग गुडघे टेकताना त्याने टेबलाची कड धरली, चष्मा लावला, आणि वाचायला लागला. तिसऱ्या ओळीत एक शब्द गळला. तो थांबला आणि त्याने यार्डलीकडे पाहिलं. यार्डलीला खुणेने परत सुरू करायला सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ओळच सुटली. मागे कुणीतरी खोकलं. म्हाताऱ्याच्या मानेवर घाम आला होता. यार्डलीच्या आत तीन दिवसांचा राग होता तिथेच होता, एक तसूभरही कमी झाला नव्हता, पण आता त्याला बसायला जागा सापडल्यासारखा तो स्थिर झाला होता. नेद्याल्का टेबलाशेजारी उभी होती, यार्डलीकडे पाठ करून. तिसऱ्यांदा गेन्चोकाका सावकाश गेला, शब्दावर बोट ठेवत, आणि सगळं नीट जात होतं, आणि शेवटाकडे, जिथे लोकांनी सदैव त्याची, म्हणजे देवाच्या पुत्राची, आठवण ठेवावी असं म्हणायचं असतं, तिथे तो म्हणाला, "आमची." आमची आठवण ठेवावी. त्याला स्वतःलाही ते कळलं. त्याने कागदावरून डोळे उचलले, आणि सगळी खोली त्याच्याबरोबर यार्डलीकडे बघायला लागली.

यार्डलीने मान आडवी हलवली, इथली माणसं होकाराला हलवतात तशी.

"आमेन," गेन्चोकाका म्हणाला, आणि भिंतीचा आधार घेत उठला.

"चुकलं ते," स्पॅकमन शेजारून कानाशी कुजबुजला.

"ऐकलं मी," यार्डली म्हणाला. थाळी नेद्याल्काच्या हातात होती. ती रांगेच्या दुसऱ्या टोकापासून येत होती, एकेका माणसापुढे थांबत, आणि त्याच्यापर्यंत यायला अजून चार माणसं होती.